एकाच कॅनच्या दोन बाटल्या

आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. अधूनमधून सुपरवायझर एकाच कॅनमधलं दूध दोन बाटल्यांत भरतो, त्यांना वेगवेगळे नंबर देतो आणि टेस्ट करणाऱ्याला काही न सांगता बाकीच्या बाटल्यांच्या ट्रेमध्ये ठेवून देतो. दोन्हींचं फॅट सारखं आलं तर ठीक. एकीत साडेतीन आणि दुसरीत सव्वाचार आलं, तर दुधाला बोल लावायचा नाही. आधी मशीन बघायचं, मग माणूस. बीएस्सी करून मी न्हावऱ्याच्या या लॅबमध्ये लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझीही अशी परीक्षा झाली होती. मला नंतर कळलं.

अनुपमा मॅडमना मी नेमकं काय केलं, असं गावात अजून विचारतात. एकाच कॅनचं दूध मी त्यांच्यापुढे दोन बाटल्यांत ठेवलं.

माझी मुलगी शर्वरी चार वर्षांची आहे. तिला दमा आहे. लोक ‘बाळदमा’ म्हणतात, जसा काही दुधाच्या दातांबरोबर तोही पडून जाणार आहे. शिरूरच्या मुलांच्या डॉक्टरांनी तिला पंप दिलाय. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन, तोंडाला प्लास्टिकचं नळकांडं लावून, आणि नंतर चूळ. पंपाच्या पाठीवर एक छोटी खिडकी आहे, तिच्यात किती दाब उरले त्याचा आकडा दिसतो. दिवसाला चार कमी व्हायला हवेत. घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी मी तो आकडा बघते.

सकाळी साडेसातला मी डेअरीत जाते. सत्यजीत, माझा नवरा, रांजणगावला कंपनीत शिफ्टला असतो. दिवसभर शरू सासूबाईंजवळ. त्यांचं नाव धुरपदाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांचा शरूवर फार जीव. इतका, की तिला ठेच लागली तर त्या दगडालाच शिव्या देतात.

अनुपमा मॅडमचं केंद्र शिरूरला मार्केट यार्डाजवळ एका दुकानाच्या माडीवर होतं. बोर्डावर चिनी अक्षरं, खाली मराठीत ‘चिनी पारंपरिक पद्धतीने सर्वांगीण आरोग्य’. लोक नुसतं ‘चिनी दवाखाना’ म्हणायचे. त्या कुठलातरी कोर्स करून आल्या होत्या. पाठीवर काचेचे पेले चिकटवायच्या, तळपायाचे पॉइंट दाबायच्या, कानाच्या पाळीवर चिकटपट्टीनं मेथीचा दाणा लावून द्यायच्या. न्हावऱ्याला त्या पहिल्यांदा आल्या त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायकांचे पाय दाबून दिले. आत्यांचा गुडघा त्या दिवशी खरंच हलका झाला. मी खोटं बोलणार नाही, त्या आठवड्यात आत्या जिना कठड्याला न धरता चढत होत्या.

मग ग्रुप निघाला. रोज सकाळी दात घासायच्या आधी, चहाच्या आधी, उजेडात उभं राहून जिभेचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मॅडम एकेका जिभेला उत्तर द्यायच्या. पांढरा थर म्हणजे शरीरात ओल. ओल म्हणजे कफ. दूध बंद, दही बंद, केळी बंद. ज्या गावात दर घरी गोठा, तिथल्या अर्ध्या बायकांचं दूध बंद झालं. आमच्या मागच्या आळीची भागुबाई म्हणायची, “जल्मात नवऱ्यानं सकाळचं तोंड बघितलं न्हाई माझं, आन् ही बाई रोज जीभ बघतीया.” पण फोटो मात्र ती रोज टाकायची, आणि पहिला टाकायची.

शरूला त्यात आत्यांनी घातलं. मला वाटलं, जीभ बघून कुणाचं काय जातंय. दाणा लावला, पॉइंट दाबला, पोरीला गुदगुल्या झाल्या, एवढंच. शरूच्या जिभेवर पांढरा थर असायचा. पंप घेणाऱ्या मुलांना चूळ नीट भरली नाही की तो येतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मॅडमनी लिहिलं, पंपामुळे ओल आत कोंडतेय.

एकविसाव्या दिवशी ग्रुपवर शरूचे दोन फोटो शेजारी शेजारी आले. पहिला थर असलेला, दुसरा गुलाबी, मांजराच्या पिल्लाच्या जिभेसारखा. खाली मॅडमनी लिहिलं होतं: ‘आपली छोटी शर्वरी. ओल पूर्ण गेली. आता पंपाची गरज नाही.’ चाळीस बायकांचे हात जोडलेले आले, फुलं आली.

त्या संध्याकाळी मी आत्यांना स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद होणार नाही. आत्या “व्हय” म्हणाल्या. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळचे दाब मीच दिले. मग डेअरीत ऑडिट लागलं, आणि दाब आत्यांवर सोडले. सकाळी सहाला बाहेर, रात्री जेवून घरी. आठ दिवस मी खिडकी बघितली नाही. ते आठ दिवस मी स्वतःच्या नावावर घेते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

नवव्या दिवशी दुपारी चारला आत्यांचा फोन आला.

“तेजू, पोरगी बोलंना झालीया.”

मी पोचले तेव्हा शरू ओसरीवर दोन्ही हात टेकून बसली होती, बेडकासारखी. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. बरगड्या मोजता आल्या असत्या. ओठ जांभळाच्या सालीसारखे. दुधाची पिकअप दारात लागली होती, तिच्यातच बसलो. न्हावरे ते शिरूर मी तिच्या छातीवर हात ठेवून होते आणि हात खालीवर होतोय का एवढंच बघत होते. मध्ये एकदा तो हलायचा थांबला असं वाटलं. गाडी खड्ड्यातून गेली होती, म्हणून. पण ते दोन-तीन सेकंद अजून माझ्या हातात आहेत.

तीन दिवस ऑक्सिजन, वाफ, सलाईन. निघताना मी पंप पर्समध्ये टाकला होता. खिडकीत चौऱ्याहत्तर. ऑडिट लागलं त्या दिवशीही चौऱ्याहत्तरच होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आत्यांच्या मोबाईलवर मॅडमचा आवाज आला. शांत आवाज होता, मधात बुडवलेला. “धुरपदाबाई, घाबरू नका. आतली ओल बाहेर पडतेय, हे चांगलं लक्षण आहे. फक्त पंप परत सुरू करू नका, नाहीतर सगळं पुन्हा आत जाईल.” माझी मुलगी मास्क लावून पडली होती आणि ही बाई म्हणत होती चांगलं लक्षण आहे. संध्याकाळी ग्रुप उघडला. शरूच्या दोन फोटोंच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच राहिलं होतं.

मी तेव्हाच ठरवलं. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण करायचं हे ठरलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनात काय काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या त्या काचेच्या पेल्यांचं काय केलं, तेही नाही.

सत्यजीत म्हणाला, पोलिसात जाऊ. मग म्हणाला, आईनंच पंप दिला नाही असं तिथं लिहावं लागेल. पोलिसात गेलो नाही.

आणि आत्या बदलल्या नव्हत्या. घरी आल्यावर त्यांनी माझ्यापुढे पंप देवाजवळच्या फळीवर ठेवला, मान हलवली, हो म्हणाल्या. माझी रजा संपली. पहिल्या सोमवारी कामावरून आले, खिडकी बघितली. सकाळी मी दिलेले दोन सोडले, तर आकडा तसाच. आत्या म्हणाल्या, पोरीला सवय लागंल, मॅडम म्हणत्यात कफ निघू द्या, अजून थोडी कळ काढू. मी ओरडले, रडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. आत्यांनी डॉक्टरांनाही “व्हय” म्हटलं. संध्याकाळचे दाब मी घरी आल्यावर देऊ शकत होते. पण दिवसा दम लागला तर पंप आत्यांच्या हातात होता, आणि आत्यांचा हात त्या मधातल्या आवाजाच्या ताब्यात होता. तो आवाज आत्यांच्या कानातून काढल्याशिवाय माझी मुलगी सुरक्षित नव्हती. नोकरी सोडायचाही विचार केला. पण मग वाटलं, मी का सोडू? जायचं तर तिनं जावं.

एका दुपारी लॅबमध्ये ट्रे लावताना बाटल्यांकडे बघत मी थांबले.

मॅडम दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या जिभेचा फोटो टाकायच्या. खाली लिहायच्या, ‘निरोगी जीभ अशी असते.’ मी ग्रुपवर मागे मागे जाऊन गेल्या श्रावणातला फोटो काढला. ओठाच्या कडेला त्यांचा तीळ दिसत होता. तो कापून टाकला. नुसती जीभ ठेवली.

माझं माहेर भांडगावचं. वहिनीला फोन केला. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “तिला माझीच पाठवते की. तुझा भाऊ म्हणतो, जळकी हाय.” मी म्हटलं, तुझी नको, मी देते ती पाठव. वहिनीनं स्वतःच्या नंबरवरून मॅडमना लिहिलं: वय चाळीस, राहणार भांडगाव, तक्रार काही नाही, पण भीती वाटते म्हणून दाखवतेय. सोबत तो फोटो.

अर्ध्या तासात उत्तराचा आवाज आला, वहिनीनं तो मला पाठवला. तोच आवाज. “ताई, बरं झालं वेळेत दाखवलंत. कडेला दातांच्या खुणा आहेत, म्हणजे प्लीहा थकलीय. टोक लाल आहे, हृदयात उष्णता. आणि मधल्या भागात ओल बसलीय, बऱ्याच वर्षांची. अंगावर काढू नका. एकवीस दिवस यावं लागेल, रोज.”

मी तो आवाज लॅबच्या संडासात उभं राहून पाच वेळा ऐकला. इतकं गोड मला त्या महिन्यात काही लागलं नव्हतं.

घरी येऊन मी आत्यांना म्हटलं, शनिवारी मॅडमकडे जाऊ, मीही येते, एकदा नीट बोलून घेऊ. आत्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पैठणी काठाची साडी काढली. शरूला माझ्या जावेपाशी ठेवलं. एसटीत आत्या सगळा वेळ बोलत होत्या. मी खिडकीतून ऊस बघत होते आणि मला त्यांची अजिबात दया येत नव्हती.

केबिनमध्ये उदबत्तीपेक्षा जाड एक कांडी जळत होती, तिचा धूर साचला होता. या धुरात माझी मुलगी एकवीस दिवसांत तीन वेळा बसली होती. मॅडमनी आत्यांचं मनगट तीन बोटांत धरलं, डोळे मिटले. मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि भांडगावच्या बाईसाठीचा त्यांचाच आवाज लावला.

मॅडमनी डोळे उघडले. त्या तुमच्या कोण, असं विचारलं. मी म्हटलं, वहिनी. खरंच इतकं गंभीर आहे का? मॅडम म्हणाल्या, आहे. अशा जिभा मी रोज बघते, चुकत नाही.

मग मी मोबाईलवर वहिनीनं पाठवलेल्या फोटोशेजारी श्रावणातला अख्खा फोटो लावून त्यांच्यापुढे धरला. तिळासकट.

“ही बाई भांडगावला नाही राहत,” मी म्हटलं. “इथंच बसलीय. एकवीस दिवस यावं लागेल तिला.”

मॅडमना कळायला वेळ लागला. आधी त्या वाकून फोटो बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप ओठाच्या कडेला गेला, तिळावर. मी त्या हाताकडे बघत होते. मनात म्हणत होते, दोन-तीन सेकंद तरी हात तिथंच धर, मी गाडीत धरला होता तसा. छाती हलते का बघ.

त्या सावरल्या. फोटोत उजेडाचा फरक पडतो म्हणाल्या, जीभ समोर बघणं वेगळं. मी विचारलं, पंप बंद करा असं लिहिलंत ते शरूची जीभ समोर बघून लिहिलंत का? त्या आत्यांकडे वळल्या. आवाजात पुन्हा मध आला.

“धुरपदाबाई, तुम्ही सांगा. तुम्ही रोज फोटो काढायचात. एकवीस दिवसांत थर गेला की नाही? तुमच्या डोळ्यांसमोर गेला ना? मग तो कशानं गेला?”

आत्या साडीच्या काठाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या “व्हय” म्हणतील आणि मी हरले.

“मी पुसायची,” आत्या म्हणाल्या.

साडीचा काठ बोटाला गुंडाळत त्या पुढे बोलल्या.

“फडकं भिजवून, मिठाचं बोट लावून. चाळीस बायका बघत्यात. तोंड न धुता लेकराचा फोटू कसा टाकायचा? नाक वाहतंय तसंच फोटोला उभं करतं का कुनी? आधी आधी थोडंच पुसायची. मग भागुबाई म्हनली, तुझी नात लई गुणी, तिची जीभ उजळतीया. मग रोज घासाया लागले.”

मी आत्यांकडे बघितलं. मला हे माहीत नव्हतं. मी, आकडे बघणारी, चपला न काढता खिडकी बघणारी. रोज सकाळी मी साडेसातला निघायची आणि पावणेआठला माझ्या घरात मोरीपाशी हे चालायचं.

मॅडमना पाय टेकायला जागा मिळाली. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. ग्रुपच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय, म्हणाल्या, जिभेला हात लावायचा नाही. म्हणजे चूक कुणाची? तुमच्या घरातली. तुमच्या सासूनं मला खोटी जीभ दाखवली आणि जाब मला विचारताय.

बाटलीतच पाणी घातलेलं होतं, आणि घालणारा हात आमच्या घरचा होता. माझा सगळा राग वळून आत्यांकडे निघाला. तोंडापर्यंत आला होता.

पण आत्या मॅडमकडे बघत होत्या. गावात दूध मापात कमी भरलं की त्या बघतात तशा.

“मला धड वाचता येत न्हाई, नियम काय वाचनार,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. पर बाई, मी रोज घासत व्हते, आन् तुमाला रोज ती बरी व्हताना दिसली. घासलेली जीभ तुमाला वळखू आली न्हाई. स्वताची बी आली न्हाई. मंग एकवीस दिस तुम्ही बघत व्हता काय?”

आत्यांनी कानाच्या पाळीवरची चिकटपट्टी नखानं ओरबाडून काढली, मेथीचा दाणा टेबलावर ठेवला आणि जिना उतरायला लागल्या. गुडघा दुखत होता, कठड्याला धरून उतरल्या.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसून आलो. मी आत्यांना माफ केलं का, असं सत्यजीतनं त्या रात्री विचारलं. मी उठून पंपाची खिडकी बघायला गेले. मोरीवर शरूचं फडकं वाळत घातलेलं दिसलं की मी अजून ते ओढून काढते.

शिरूरच्या स्टँडवरच मी ग्रुपवर तीन गोष्टी टाकल्या होत्या: तिळासकट फोटो, तीळ कापलेला फोटो आणि तो आवाज. मॅडमनी मला काढून टाकायला चार मिनिटं घेतली. चार मिनिटं पुरली. भागुबाईनं संध्याकाळी येऊन सांगितलं, बायका भराभरा बाहेर पडल्या, आणि ती सगळ्यात आधी. दीड महिन्यानं माडीवरचा बोर्ड उतरला.

आता दिवसाचे चारही दाब वेळेवर जातात. आत्या स्वतः नळकांडं धरतात, शरूच्या नाकाशी नाक लावून श्वास मोजतात. आकडा रोज चारानं उतरतो. सत्यजीत म्हणाला, झालं ना तुझ्या मनासारखं, आता सोड. मीही सोडणार होते, असं मला वाटत होतं.

मग वहिनीचा फोन आला. दौंडला, बाजारपेठेजवळ, नवा बोर्ड लागलाय. यावेळी चिनी अक्षरं नाहीत, नुसतं ‘सर्वांगीण आरोग्य’. बाई तीच. गर्दी आहे म्हणे, लहान मुलं घेऊन आया येतात.

मी आत्यांना सांगितलं नाही. रविवारी माहेरी जाऊन येते एवढंच म्हटलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन तीच पैठणी काठाची साडी नेसून आल्या.

“मला बी यायचं हाय,” म्हणाल्या. “तुझं एकटीचं न्हाई ते.”

दौंडच्या त्या बाहेरच्या खोलीत बारा खुर्च्या आहेत. आम्ही दारासमोरच्या दोन घेतल्या, शरू माझ्या मांडीवर. नाव नोंदवणाऱ्या पोरीनं विचारलं, दाखवायचंय का. आत्या म्हणाल्या, न्हाई, बसायचंय. संध्याकाळी पाचला आत्यांनी पिशवीतून पंप काढला, खडखड हलवला आणि सगळ्यांसमोर नळकांडं शरूच्या तोंडाला लावलं. मोठ्यांदा श्वास मोजले, दहापर्यंत. मग चूळ भरायला लावली. खोलीतल्या सगळ्या बायका बघत होत्या.

शेजारी माझ्या वयाची एक बाई बसली होती. मांडीवर दोन वर्षांची मुलगी, तिच्या कानाला चिकटपट्टी. श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. ती मला ओळखीची होती. बाई नाही, शिट्टी. मी तिला विचारलं, डॉक्टरांनी पंप दिलाय का हिला. तिनं आधी केबिनच्या दाराकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, दिलाय, पण दोन दिवस झाले बंद केलाय.

दार उघडलं. अनुपमा मॅडमनी पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि आम्हाला बघून ते तसंच राहिलं. आत्यांनी त्यांच्याकडे न बघता आपली खुर्ची त्या बाईजवळ ओढली.

“हिकडं सरक, बाय,” त्या म्हणाल्या. “पिशवीत हाय का पंप? काढ. आन् घाबरू नगंस, आता दर आइतवारी आम्ही हितंच असनार.”